मेंदूचे नैसर्गिक संरक्षण : कवटीपासून रक्तवाहिन्यांच्या भिंतीपर्यंत

कृष्णाकाठचा_मास्तर (धागाकर्ता, सांगली)

गळीत हंगाम सुरू झाला, की वाळवा आणि पलूस तालुक्यांतले उसाचे फड एकामागून एक मोकळे होऊ लागतात. तोडलेल्या उसाची मोळी डोक्यावर घेऊन, ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून तोल सांभाळत वर चढणारे ऊसतोड कामगार आपण सर्वांनी पाहिले आहेत. वर्गात चेतासंस्था शिकवत असताना, जिचे आईवडील हेच काम करतात अशा एका विद्यार्थिनीने विचारले, की एवढे ओझे रोज डोक्यावर घेतल्याने आईच्या मेंदूला इजा होत नाही का. प्रश्न मायेपोटी विचारलेला होता. त्याचे नीट उत्तर द्यायचे, तर शरीर मेंदूचे रक्षण कसे करते हे सगळेच सांगावे लागते. म्हणून हा धागा.

आधी तिच्या प्रश्नाचे उत्तर. डोक्यावरचे ओझे मेंदूवर येतच नाही. चुंबळ त्याचा दाब एका जागी न ठेवता डोक्याच्या मोठ्या भागावर पसरवते. तिथून तो कवटीच्या घुमटाकार हाडांमधून बाजूंनी खाली उतरतो, कवटीच्या तळाशी असलेल्या दोन उंचवट्यांवरून मानेच्या पहिल्या मणक्यावर जातो आणि पुढे पाठीच्या कण्यातून पायांपर्यंत पोहोचतो. या वाटेत मेंदू कुठेच नाही. झिजतात ते मानेचे मणके आणि त्यांच्यामधल्या चकत्या. त्यामुळे आईची काळजी घ्यायची तर मानेची घे, असे मी तिला सांगितले.

स्थिर ओझे निराळे आणि धक्का निराळा. धक्क्यासाठी शरीराने एकाआड एक थर रचले आहेत. सर्वांत बाहेर डोक्याची त्वचा आहे, जिचे शरीररचनाशास्त्रात पाच थर मानतात. तिचे वरचे तीन थर एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात आणि त्यांच्याखाली एक सैल थर असतो, त्यामुळे तिरका फटका बसला तर त्वचा कवटीवरून थोडी सरकते आणि फटक्याचा काही जोर तिथेच जिरतो. या त्वचेतल्या रक्तवाहिन्या भोवतीच्या दाट तंतूंनी जणू ताणून धरलेल्या असतात. म्हणूनच डोक्याला लहानशी खोक पडली तरी भळाभळा रक्त येते. अशा वेळी स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. जखमेखालचे हाड दबलेले किंवा हलत असलेले जाणवले तर मात्र जोराने दाबू नये.

त्याखाली कवटी. कवटी आणि चेहरा मिळून २२ हाडे असतात, त्यांपैकी ८ हाडांची पेटी मेंदूला वेढते. घुमटाचे हाड सलग भरीव नसते. बाहेर एक कठीण थर, आत दुसरा कठीण थर आणि मध्ये सच्छिद्र, मज्जा असलेले हाड, अशी त्याची बांधणी असते. त्यामुळे वजन फार न वाढता बळकटी मिळते.

कवटीच्या आत तीन आवरणे. सर्वांत बाहेरचे चिवट आणि जाड, मधले जाळीदार, आणि आतले इतके पातळ की ते मेंदूच्या प्रत्येक घडीत शिरून त्याला चिकटून राहते. बाहेरच्या आवरणाच्या दोन घड्या आत उतरतात. एक मोठ्या मेंदूच्या दोन गोलार्धांमध्ये उभी राहते आणि दुसरी मोठा मेंदू व लहान मेंदू यांच्यामध्ये आडवी पसरते. डोके एकदम वळले तर मेंदूचे हेलकावणे या पडद्यांमुळे काहीसे आवरले जाते.

मला स्वतःला सर्वांत विलक्षण वाटते ती मधल्या आणि आतल्या आवरणांमध्ये खेळणाऱ्या पाण्याची योजना. वैद्यकीय महाविद्यालयाच्या संग्रहालयात बरणीतला मेंदू पाहिलेल्यांना तो टणक वाटतो, परंतु तो टणकपणा फॉर्मॅलिनचा असतो. जिवंत मेंदू ताज्या खरवसाइतका मऊ असतो. तो नुसता पाटावर ठेवला तर स्वतःच्याच वजनाने पसरेल. प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम असते, पण मस्तिष्कमेरुद्रवात तरंगत असल्यामुळे तळाशी त्याचा भार जेमतेम ५० ग्रॅमच्या आसपास पडतो. आर्किमिडीजचे तत्त्व आपण विहिरीत पोहताना अनुभवतो, तेच इथे चोवीस तास चालू असते. हा द्रव एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतो आणि दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नव्याने तयार होतो, म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा तो पूर्ण बदलला जातो. डॉक्टर 'पाठीतले पाणी तपासायचे आहे' असे म्हणतात, तेव्हा ते याच द्रवाविषयी बोलत असतात, कारण तो मेंदूभोवती फिरून पाठीच्या कण्यातही उतरलेला असतो.

या सर्व योजनेला मर्यादाही आहेत. सरळ रेषेतला धक्का पाणी बऱ्यापैकी झेलते, पण डोके गर्रकन फिरले तर कवटी आधी फिरते आणि मेंदू मागे राहतो. त्या ओढाताणीत आतले बारीक तंतू ताणले जातात किंवा तुटतात. कवटीला चीर नसतानाही मेंदूला गंभीर इजा होऊ शकते ती यामुळे. प्रत्येक थर कोणत्या संकटासाठी आहे आणि कोणत्या संकटापुढे तो उपयोगी नाही, या दोन्ही गोष्टी समजून घ्यायला हव्यात, असे माझे मत आहे. वैद्यकीय क्षेत्रातील सदस्यांनी आपली भर घालावी.

वाईची_लेक

सर, लेख फार आवडला. माझे बाळ तीन महिन्यांचे आहे. सासूबाई रोज आंघोळीआधी टाळू भरतात, म्हणजे टाळूवर तेल जिरवतात. तिथे हाडच नाही, बोट लावले तर धडधड जाणवते. मग निसर्गाने नेमके लहान बाळाला उघडे का ठेवले? आणि तेल जोरात थापले तर मेंदूला धक्का बसत नाही ना?

कृष्णाकाठचा_मास्तर

ताई, ती जागा उघडी नाही. हाड नसले तरी तिथे चिवट पडदा आहे आणि त्याच्या आत मेंदूची आवरणे व द्रव आहेतच, त्यामुळे हलक्या हाताने तेल लावण्यात, डोके धुण्यात किंवा टाळूला स्पर्श करण्यात भीती नाही. तेल त्या पडद्यातून मेंदूपर्यंत पोहोचतही नाही. त्वचा मऊ राहते आणि बाळाला मालिश सुखाचे वाटते, एवढाच त्याचा उपयोग. जोराने थापणे किंवा अंगठ्याने दाबणे मात्र करू नये.

टाळू का असते, याची दोन कारणे आहेत. जन्माच्या वाटेतून येताना कवटीची हाडे एकमेकांवर किंचित सरकतात आणि डोके बाहेर येऊ शकते. दुसरे कारण वाढीचे आहे. जन्मताना बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे ३४ ते ३५ सेंटीमीटर असतो आणि वर्षभरात तो ४५ ते ४६ सेंटीमीटरपर्यंत जातो. मेंदूचे वजन तेवढ्या काळात दुपटीहून अधिक होते. हाडे आधीच सांधली गेली असती, तर मेंदूला वाढायला जागाच उरली नसती. मागची लहान टाळू साधारण दोन-तीन महिन्यांत भरते, तर पुढची मोठी टाळू बहुतेक बाळांमध्ये नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान भरून येते.

आपल्याकडच्या जाणत्या बायका टाळूवर हात ठेवून बाळाची प्रकृती ओळखतात, ते निरीक्षण अगदी योग्य आहे. जुलाब-उलट्यांनंतर टाळू खोल गेलेली दिसली, तर अंगातले पाणी कमी झालेले असते. बाळ शांत आणि उभे धरलेले असतानाही टाळू फुगलेली, ताणलेली दिसत असेल आणि सोबत ताप किंवा सुस्ती असेल, तर आत दाब वाढल्याची शंका घेऊन त्याच क्षणी बालरोगतज्ज्ञांकडे जावे. जाणवणारी धडधड ही नाडीची असते आणि ती नैसर्गिक आहे.

मिरजेची_परिचारिका

मी मिरजेत डोक्याला मार लागलेल्या रुग्णांच्या विभागात काम करते. वर आलेले सगळे बरोबर आहे. त्यात दोन गोष्टी मला कळकळीने जोडाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट कानशिलाची. कवटी सगळीकडे सारखी जाड नसते. कानशिलाजवळ चार हाडे एकत्र येतात आणि तिथे ती बरीच पातळ असते. नेमक्या त्याच जागी आतल्या बाजूने, चिवट आवरणाला रक्त पुरवणारी एक रोहिणी जाते. तिथे मार लागून हाडाला चीर गेली, की ती रोहिणी फाटू शकते आणि हाड व आवरण यांच्यामध्ये रक्त साचत जाते. अशा रुग्णांपैकी काही जण अपघातानंतर क्षणभर बेशुद्ध होतात, मग उठून बसतात, बोलतात, चहा पितात, 'मला काही झालेले नाही' असे सांगतात. नातेवाईक घरी घेऊन जातात आणि काही तासांनी माणूस पुन्हा बेशुद्ध होतो. मधला तो शुद्धीचा काळ फसवा असतो. तेवढ्या वेळात शस्त्रक्रिया झाली तर असा रुग्ण पूर्ण बरा होऊन चालत घरी जातो, हे मी अनेकदा पाहिले आहे. उशीर झालेलेही पाहिले आहेत.

असे का होते, हे दुसऱ्या गोष्टीतून कळते. प्रौढाची कवटी बंद पेटी आहे. तिच्यात मेंदू, रक्त आणि द्रव एवढेच मावते. त्यांपैकी एकाने जास्त जागा घेतली, तर दुसऱ्याला मागे हटावे लागते. सुरुवातीला द्रव पाठीच्या कण्याकडे सरकतो, शिरांमधले रक्त बाहेर जाते आणि आतला दाब फारसा वाढत नाही. ही शरीराची समजूतदार तडजोड आहे. पण ती जागा संपली, की थोड्याशा रक्तानेही दाब झपाट्याने चढतो. त्यानंतर रक्तदाब वाढतो, नाडी मंदावते, श्वास अनियमित होतो. आम्ही दर थोड्या वेळाने रुग्णाला हाक मारतो, डोळ्यात विजेरी मारून बाहुल्या पाहतो, हातपाय हलवायला सांगतो, त्यामागे हेच कारण असते.

म्हणून डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, झापड येणे, असंबद्ध बोलणे, आकडी, एका बाजूची ताकद कमी होणे किंवा दोन बाहुल्या लहान-मोठ्या दिसणे, यांपैकी काहीही दिसले तर रुग्णालय गाठावे. नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा पातळ द्रव येत असेल, तर तो मेंदूभोवतीचा द्रव असू शकतो. कवटीचा तळ तडकल्याची ती खूण आहे. अशा वेळी नाकात-कानात कापूस कोंबू नये आणि रुग्णाला नाक शिंकरू देऊ नये.

वयस्कर माणसांच्या बाबतीत धोका निराळा असतो. वयानुसार मेंदू थोडा आक्रसतो आणि त्याच्यापासून आवरणाकडे जाणाऱ्या शिरा ताणलेल्या राहतात. न्हाणीघरात पाय घसरून बसलेला साधा धक्काही त्या शिरा फाडू शकतो, आणि रक्त इतक्या सावकाश साचते की लक्षणे काही आठवड्यांनी दिसू लागतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर अधिकच सावध राहावे.

हंगामात रात्रीच्या वेळी मागे लाल परावर्तक नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर दुचाकी आदळण्याचे अपघात आमच्याकडे येतात. हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर चेपून जातो आणि डोके थांबायला लागणारा वेळ किंचित वाढवतो. तेवढ्या किंचित वेळाने मेंदूवरचा आघात पुष्कळ कमी होतो. शरीराने दिलेले संरक्षण माणसाच्या धावण्याच्या आणि पडण्याच्या वेगासाठी पुरेसे आहे, दुचाकीच्या वेगासाठी ते पुरत नाही.

तासगावचा_बागायतदार

चर्चा मार लागण्यापुरती न ठेवता एक वेगळा प्रश्न विचारतो. आमच्या द्राक्षबागेत छाटणीनंतर फवारण्या सतत चालू असतात. ब्लोअर मारून आल्यावर काही गड्यांना डोके जड होणे, मळमळणे, डोळ्यांपुढे धूसर दिसणे असा त्रास होतो. औषध अंगावर उडाले तर ते मेंदूपर्यंत कसे जाते? तिथे काही अडसर नाही का?

विट्याचा_औषधविक्रेता

दादा, अडसर आहे, आणि मेंदूच्या रक्षणातला तो सर्वांत सूक्ष्म भाग आहे. १८८५ साली जर्मनीत पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग टोचले, तेव्हा जवळजवळ सगळे अवयव रंगले, पण मेंदू रंगला नाही. मेंदूला तो रंग धरत नसावा, असा त्यांचा समज झाला. १९१३ मध्ये त्यांचेच शिष्य एडविन गोल्डमान यांनी रंग थेट मस्तिष्कमेरुद्रवात सोडला. या वेळी मेंदू रंगला आणि बाकीचे शरीर कोरडे राहिले. म्हणजे रंग धरण्याची अडचण नव्हतीच, रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये काहीतरी आडवे होते. ते काय, हे १९६७ मध्ये रीझ आणि कार्नोव्स्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले.

मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट सांधलेल्या असतात, की त्यांच्या फटीतून काही झिरपू शकत नाही. शरीरात इतरत्र अशा फटींतून बरेच पदार्थ ये-जा करतात. मेंदूत मात्र पेशीच्या आतूनच जावे लागते. ग्लुकोजला नेण्यासाठी तिथे खास वाहक प्रथिने असतात, अमिनो आम्लांसाठी वेगळी असतात, प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड सहज पार होतात. नको असलेला पदार्थ आत शिरलाच, तर त्याला पकडून परत रक्तात ढकलणारी प्रथिनेही त्याच भिंतीत असतात. आम्हा औषधवाल्यांना याचा रोज अनुभव येतो. सर्दीची जुनी गोळी घेतली की झोप येते, कारण ती ही भिंत ओलांडते. ॲलर्जीच्या नव्या गोळ्यांपैकी काही जवळजवळ ओलांडत नाहीत, म्हणून त्या घेऊन काम करता येते. कंपवातात मेंदूला डोपामिन, म्हणजे पेशींमध्ये निरोप नेणारे एक रसायन, हवे असते, पण डोपामिन दिले तर ते बाहेरच राहते. म्हणून लेव्होडोपा देतात, जे अमिनो आम्लाच्या वाहकावर बसून आत जाते आणि तिथे डोपामिन बनते.

आता तुमचा प्रश्न. ही भिंत पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थांना चांगली अडवते. तेलात, चरबीत विरघळणाऱ्या लहान रेणूंना ती अडवू शकत नाही, कारण पेशींचे आवरणच मेदाचे असते. दारू तशीच आत जाते. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली अनेक कीटकनाशकेही मेदात विरघळतात. ती त्वचेतून अंगात मुरतात आणि मेंदूतही पोहोचतात. तिथे आणि अनेक मज्जातंतूंच्या टोकांशी निरोप थांबवणारे एक विकर असते, त्याला ती निकामी करतात. मग लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, बारीक झालेल्या बाहुल्या, स्नायूंचे फडफडणे, छातीत दाटणे अशी लक्षणे दिसतात. गड्याला असे होऊ लागले, तर भिजलेले कपडे ताबडतोब उतरवावेत, अंग साबण आणि भरपूर पाण्याने धुवावे आणि औषधाचा डबा सोबत घेऊन रुग्णालयात जावे. डब्यावरचे नाव पाहून डॉक्टरांना उपचार ठरवणे सोपे जाते. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत.

मळमळीविषयी थोडे अधिक. मेंदूच्या तळाकडे एक बारीकसा भाग असा आहे, जिथे ही घट्ट भिंत मुद्दामच सैल ठेवलेली आहे. तो भाग रक्तातल्या घातक पदार्थांची चव घेत राहतो आणि काही विषारी आढळले तर उलटीची आज्ञा देतो. सगळ्या दारांना कुलूप लावले असते, तर आतल्यांना बाहेरचे संकट कळलेच नसते.

कराडचा_वाचक

माझ्या वडिलांना रक्तदाबाचा त्रास आहे. अंथरुणातून एकदम उठले, की त्यांना भोवळ येते. मेंदूला होणारा रक्तपुरवठा सांभाळण्याचीही शरीराची काही व्यवस्था असेल ना?

कृष्णाकाठचा_मास्तर

आहे, आणि ती फार जागरूक आहे. शरीराच्या वजनाच्या अवघ्या दोन टक्के असलेला मेंदू एकूण प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के वापरतो आणि त्याच्याकडे साठा जवळजवळ नसतो. रक्त पूर्ण थांबले, तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते. म्हणून मेंदूच्या रोहिण्या स्वतःच आकुंचन-प्रसरण करून प्रवाह स्थिर ठेवतात. निरोगी माणसात सरासरी रक्तदाब साधारण ६० ते १५० मिमी पाऱ्याच्या दरम्यान कुठेही असला, तरी मेंदूला मिळणारे रक्त फारसे बदलत नाही. शिवाय मानेतून चार रोहिण्या वर येतात आणि मेंदूच्या तळाशी त्यांच्या शाखा एका कड्यात जोडल्या जातात. इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी १६६४ मध्ये या कड्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्याला त्यांचे नाव आहे. एक वाट हळूहळू अरुंद झाली, तर दुसरीकडून रक्त वळवता येते. अर्थात सर्वांमध्ये हे कडे सारखे पूर्ण नसते.

उठताना रक्त क्षणभर पायांकडे ओढले जाते. तरुणपणी हृदय आणि रक्तवाहिन्या ते लगेच सावरतात, उतारवयात किंवा काही गोळ्यांमुळे सावरायला वेळ लागतो. वडिलांनी आधी कुशीवर वळावे, कडेला बसून थोडे थांबावे आणि मग उठावे. त्रास डॉक्टरांच्या कानावर घालावा. ज्यांचा रक्तदाब वर्षानुवर्षे जास्त असतो, त्यांच्या मेंदूच्या रोहिण्यांनी वरच्या दाबाशी जुळवून घेतलेले असते. अशा माणसाने दाब वाढलेला दिसला म्हणून स्वतःच्या मनाने जास्तीची गोळी घेतली आणि दाब एकदम उतरला, तर मेंदूला रक्त कमी पडू शकते.

कुणी भोवळ येऊन पडले, तर त्याला धरून उभे करण्याची किंवा खुर्चीत बसवण्याची घाई आपल्याकडे फार होते. आडवे झाल्याने हृदय आणि मेंदू एका पातळीत येतात आणि रक्त सहज पोहोचते. माणसाला आडवेच राहू द्यावे आणि पाय थोडे उंच करावेत.

साताऱ्याची_शुभदा

अजून एक शंका. एवढे अडसर असताना कुत्र्याच्या चाव्यातून रेबीज मेंदूत कसा जातो?

विट्याचा_औषधविक्रेता

तो रक्ताच्या वाटेने जातच नाही, ताई. चाव्याच्या जागी स्नायूत शिरलेला हा विषाणू तिथल्या मज्जातंतूच्या टोकात घुसतो आणि त्या तंतूच्या आतून पाठीच्या कण्याकडे व मेंदूकडे सरकत जातो. त्यामुळे रक्तवाहिन्यांची घट्ट भिंत त्याच्या वाटेत येत नाही. मेंदूत पोहोचून लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. मात्र हा प्रवास सावकाश चालतो. बहुतेकांमध्ये लक्षणे दिसायला काही आठवडे ते काही महिने लागतात, आणि लस काम करते ती याच अवधीत. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी, तिच्यावर हळद, मिरची किंवा चुना लावू नये आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. चावा खोल असेल, तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूविरुद्धची तयार प्रतिपिंडे, हेही टोचावे लागते. चेहरा, मान आणि हाताची बोटे इथले चावे अधिक धोक्याचे मानतात, कारण तिथे मज्जातंतूंचे जाळे दाट असते आणि चेहऱ्यापासून मेंदूपर्यंतची वाट आखूड असते. लहान मुलांची उंची कमी असल्याने त्यांना नेमके तिथेच चावे बसतात, म्हणून मूल नुसते ओरखडा उठल्याचे सांगत असले तरी त्याला दवाखान्यात न्यावे.